टप अडकला म्हणून

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. अंबरनाथच्या कारखान्यात तो माझा दुसराच दिवस. रंग ढवळायचं मोठं यंत्र बंद पडलं होतं, पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चार फिटर ताटकळत उभे होते आणि यंत्रासमोर पन्नाशी उलटलेला एक माणूस जमिनीवर वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर मांडी घालून बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत मात्र शाळेतल्या पोरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट.

"यांना बरं वाटत नाहीये का?" मी शेजारच्या फिटरला हळूच विचारलं.

"बरं आहे की," तो म्हणाला. "साहेब बसलेत."

इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे ते प्रमुख होते. काहीही बिघडलं की आधी बसायचं, हा त्यांचा नियम. दहा मिनिटं, वीस मिनिटं, एकदा तर पाऊण तास. यंत्राला हात लावायचा नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा नाही. प्रॉडक्शनवाले येऊन डोक्यावर उभे राहायचे, घड्याळ दाखवायचे. सर स्वतः घड्याळ वापरत नसत. आसपासच्या तीन कारखान्यांच्या भोंग्यांवर त्यांचा दिवस चालायचा, आणि ते भोंगे एकमेकांशी कधी जुळायचे नाहीत, त्यामुळे सरांशी वेळेवरून वाद घालणं अशक्य होतं.

दुसरा नियम 'म्हणून'चा. बिघाड त्यांना एका वाक्यात सांगावा लागे आणि त्या वाक्यात 'म्हणून' हा शब्द असावाच लागे. कुणी धावत येऊन "साहेब, मोटर जळली" असं म्हणालं की सर शांतपणे म्हणायचे, "वाक्य पूर्ण करा." मग तो बिचारा डोकं खाजवत परत जायचा आणि तासाभरानं येऊन सांगायचा, "बेअरिंग सुकलं म्हणून मोटर अडकली, अडकली म्हणून जळली." मग सर उठायचे आणि म्हणायचे, "तेल कुणी घालायचं होतं ते मला सांगू नका. तेल घालायच्या जागेपर्यंत हात का पोचत नाही, ते सांगा."

माणसांना, अगदी झाडूवाल्यालासुद्धा, ते अहो-जाहो करत. त्यांचा आवाज चढायचा तो एकाच शब्दावर: आपोआप. "साहेब, आपोआप बंद पडलं" असं कुणाच्या तोंडून गेलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. "आपोआप फक्त पावाला बुरशी येते. तीही पाव झाकून ठेवला नाही म्हणून येते."

मला त्या कारखान्यात घेतलं होतं ते डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा म्हणून, पण बसवलं होतं ड्रॉइंग ऑफिसात. नकाशे नीट घडी घालून खणात ठेवायचे, मागितले की काढून द्यायचे. वर्क्स मॅनेजरांकडे मी दोनदा अर्ज केला. "शॉपफ्लोअरवर लेडीज नकोत," ते म्हणाले. "साडी अडकेल."

"मी पंजाबी ड्रेस घालते, सर."

"ओढणी अडकेल."

माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना खात्री होती, आणि खात्री असलेल्या माणसाशी बोलायला माझ्याकडे तेव्हा शब्द नव्हते.

सर नकाशे न्यायला रोज यायचे. एकदा मी त्यांना दिलेल्या नकाशात एक तार चुकीच्या टोकाला दाखवली होती, ती मी पेन्सिलीनं बारीक खूण करून दुरुस्त केली होती. सरांनी खूण पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि नकाशा घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून ते नकाशा घेऊन न जाता माझ्या टेबलासमोर बसायला लागले. आणि मला 'तू' म्हणायला लागले. अख्ख्या कारखान्यात सर ज्यांना अगं-तुगं करत त्या सगळ्या मशिनी होत्या, आणि त्यांच्यात आता मी. मला तो बहुमान वाटला.

"ऐक. ओव्हनचं पॅनेल रोज अकराच्या सुमाराला ट्रिप होतंय. दोन रिले बदलून झाले. वाक्य कर."

मी जागेवरून बिघाड शोधायचे. कधी जमायचं, बऱ्याचदा नाही. ओव्हनच्या पॅनेलचं मला जमलं नाही. सर दोन दिवस त्याच्यासमोर जाऊन बसले तेव्हा उलगडलं. पहिल्या पाळीतला एक कामगार साडेदहाला हात धुऊन आपले ओले हातमोजे पॅनेलच्या जाळीवर वाळत घालायचा. जाळी झाकली की आत हवा जायची नाही, पॅनेल तापायचं आणि ट्रिप होऊन बंद पडायचं. मॅनेजरांनी नाव विचारलं. सर म्हणाले, "नाव कशाला? मोजे वाळत घालायला जागा नाही, म्हणून." आणि त्यांनी स्वतः दोन खिळे ठोकून पॅनेलपासून हातभर लांब एक दोरी बांधली. पुढे त्या दोरीवर रांगेनं मोजे वाळायचे आणि पॅनेल कधी ट्रिप झालं नाही.

मी त्यांना विचारलं होतं, "सर, पण चूक त्याचीच होती ना?"

"होती. पण त्याचं नाव घेतलं असतं तर पुढच्या वेळी मला कुणी खरं सांगितलं असतं का? यंत्र खोटं बोलत नाही, पण त्याला बोलता येत नाही. माणसाला बोलता येतं. त्याला घाबरवलं की मग दोन्हीकडून गप्प."

आता त्या रविवारचं सांगते. मे महिना होता. मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात आईवडिलांबरोबर राहायचे. दुपारी जेवून आडवी होतेय तोच दारात कंपनीची जीप आणि जीपमध्ये पुढे सर. ते कुळगावला राहायचे, म्हणजे जीप त्यांना घेऊन रेल्वेचं फाटक ओलांडून मुद्दाम इकडे आली होती.

"चल. मॅनेजरांच्या मुलाचं लग्न आहे."

"सर, आम्हांला आमंत्रण नाही."

"मला आहे. तुला बिघाडाचं आहे."

आई दारात येऊन म्हणाली, "रविवारी कसलं हो मशीन?"

"मशीन नाही, वहिनी. वरातीची गाडी अडलीय," सर म्हणाले. आईला ते पटलं. वरात अडणं तिला कारखाना अडण्यापेक्षा गंभीर वाटलं असावं.

अंबरनाथला मॅनेजरांच्या बंगल्याच्या आवारात ती गाडी उभी होती. बिस्किटी रंगाची, लांबलचक, परदेशी बनावटीची, उघड्या टपाची. उल्हासनगर कॅम्प पाचमधले एक सिंधी शेठ ती लग्नांना भाड्यानं द्यायचे. बटण दाबलं की तिचा कॅनव्हासचा टप मोटरवर मागे जाऊन मागच्या सीटच्या पाठीमागच्या खळग्यात घडी होऊन बसायचा. त्या दिवशी तो अर्ध्यात थांबला होता. लोखंडी फासळ्या वर आलेल्या, कॅनव्हास लोंबतंय, वादळात उलट्या झालेल्या छत्रीसारखं. त्याखाली नवरदेव बसणं शक्य नव्हतं. गाडी चालूही होत नव्हती. फुलवाला हार घेऊन खोळंबला होता, बॅण्डवाले लाल गणवेशात आंब्याखाली घाम पुसत होते. गोरज मुहूर्त होता आणि पाच वाजता निघायचंच होतं. तीन वाजून गेले होते.

"देखो साहब," शेठ सरांना म्हणाले, "बॅटरी बैठ गयी, इसलिए टप अटक गया. मी कॅम्पमधून नवी बॅटरी आणली, वो भी बैठ गयी. आजकल माल ही ऐसा आता है. अपने आप डाऊन."

'अपने आप' ऐकताच सरांच्या कपाळाची शीर उडाली. त्यांनी बगलेतलं वर्तमानपत्र काढलं, आंब्याखाली पसरलं आणि बसले.

"अहो, बसताय काय? बघा ना," मॅनेजर म्हणाले.

"ही बघेल," सर म्हणाले.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मॅनेजरांना मला ओळखायलाच क्षणभर लागला. "ही? ड्रॉइंगमधली?"

"हो."

"आज प्रयोग करायचा दिवस आहे का?"

"प्रयोग नाही. ही बघेल, मी बसलोय."

मी घाईघाईनं बॉनेट उघडलं, मीटर लावला. बारा व्होल्ट. माझा जीव भांड्यात पडला आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बॅटरी ठीक आहे."

"हॉर्न वाजव," सर बसल्या जागेवरून म्हणाले.

मी हॉर्न दाबला. आजारी शेळीनं हुंकार द्यावा तसा आवाज आला आणि विरला. बॅण्डवाले खदखदून हसले. शेठ मला समजूत घातल्यासारखे म्हणाले, "मॅडम, किताब में अलग होता है." माझे कान तापले. बॅटरीला काही काम न सांगता मीटर लावला तर ती बारा दाखवतेच, हे मला येत होतं. परीक्षेत लिहिलं होतं. आणि इथे चाळीस माणसांसमोर मी तेच विसरले होते.

"आता तुम्ही या हो," मॅनेजर सरांना म्हणाले. त्यांचा आवाज खरंच काकुळतीला आला होता. घरात लग्न असलेल्या माणसाचा आवाज.

सर जागचे हलले नाहीत. मला वाटलं होतं, मी चुकले तर हे मला सावरतील. त्यांनी नुसतं वर्तमानपत्राचं आतलं पान काढून माझ्या दिशेनं सरकवलं.

मी ते पान घेतलं, गाडीसमोर पसरलं आणि चांगल्या कपड्यांनिशी त्यावर बसले. मागे कुणीतरी "घ्या, आता दोघं बसले" म्हणालं. म्हणू दे, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

मी शेठचं वाक्य मनात घोळवलं. बॅटरी उतरली म्हणून टप अडकला. पण मग दुसरी बॅटरी? ती तर दुकानातून चांगली आली होती. एकाच सकाळी दोन बॅटऱ्या आपल्या मर्जीनं मरत नाहीत. त्यांना कुणीतरी खाल्लं असणार. गाडीत एवढी वीज खाणारं आहे काय? टपाची मोटर. आणि चालणारी मोटर वीज बेतानं खाते, अडलेली मोटर वखवखल्यासारखी खाते, हे तर मी कारखान्याच्या नकाशांवर रोज पाहत होते. मी वाक्य उलटं करून पाहिलं. टप अडकला म्हणून बॅटरी उतरली.

मी उठले आणि गाडीच्या ड्रायव्हरपाशी गेले. तिशीचा, सडपातळ, बदलापूरच्या पुढल्या कुठल्याशा गावचा माणूस. इतका वेळ तो डिकीला टेकून जमिनीकडे पाहत होता.

"टप अडकल्यावर बटण किती वेळ दाबलंत?"

"जाईपर्यंत, मॅडम. शेट बोलले, दाबून धर. मग नवी बॅटरी लावली तवा पन दाबून धरला."

"टप शेवटचा नीट मागे गेला तेव्हा गाडी कुठे होती?"

त्यानं शेठकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मला सगळं कळलं असं नाही, पण एवढं कळलं की हा माणूस बिघाडाला घाबरत नाहीये, दुसऱ्याच कशाला तरी घाबरतोय. मी वळून मॅनेजरांना म्हणाले, "सर, मला दहा मिनिटं द्या. आणि सगळ्यांना आत सरबत द्या. शेठनासुद्धा."

मॅनेजरांनी सरांकडे पाहिलं. सर वर्तमानपत्र झाडत उठले आणि म्हणाले, "मलाही चालेल सरबत." सरच निघाले म्हटल्यावर बाकीचेही निघाले.

आवारात आम्ही दोघंच उरलो.

"मला नाव नकोय," मी म्हणाले. "मला फक्त काय झालं ते हवंय."

त्यानं एकदा बंगल्याच्या दाराकडे पाहिलं. मग एकदम बोलायलाच लागला. "माज्या आयला बसवलेली, मॅडम. काल. गाडी धुवायला नेतो बोलून गावाला नेली. तिचा जन्म डोक्यावर भारे वाहण्यात गेला, कधी मोटारीत बसली नाय. टप खोलून कुळगावच्या नाक्यापर्यंत नेली. लोक बघाय लागले तशी ती लाजली. बोलली, झाक रे ते वरचं. मग मी टप वर घेतला. परत येताना पंक्चर झाली. शेट वाट बघत असेल म्हणून घाईत चाक बदललं आन्..."

तो थांबला. त्याचे डोळे मागच्या सीटकडे गेले.

"आणि जॅकचा दांडा?" मी विचारलं.

"मागंच टाकला. शीटच्या मागं." त्यानं कपाळावर हात मारला. "आयचा शप्पत, मॅडम, आता आठवला."

टप वर असताना खळगा रिकामा असतो. त्यात हातभर लोखंडी दांडा घरंगळला होता आणि सकाळी फुलवाल्यासाठी टप मागे घेताना त्याच्या बिजागरीच्या कात्रीत आडवा घुसला होता. मी सीटवर गुडघे टेकून आत हात घातला. दांडा हाताला लागला, पण हलेना. आम्ही दोघांनी मिळून फासळी वर उचलून धरली तेव्हा तो एकदाचा निघाला. मोटरला जोडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पिना मी काढल्या आणि आम्ही टप हातांनीच मागे लोटला. तो खळग्यात जाऊन बसला. माझी ओढणी ग्रीसनं काळी झाली होती, अडकली मात्र कुठे नव्हती.

माणसं बाहेर आली तेव्हा गाडी उघडी होती आणि माझ्या हातात दांडा होता.

"ये अंदर गया कैसे?" शेठनी विचारलं. "किसने डाला?"

ड्रायव्हरचा चेहरा पांढरा पडला. मॅनेजर, शेठ, नवरदेव, सगळे माझ्याकडे पाहत होते. सर आकाशाकडे पाहत होते.

"डिकीत दांडा अडकवायला हूक नाही," मी म्हणाले, "म्हणून दांडा खळग्यात गेला. दांडा गेला म्हणून टप अडकला. टप अडकला आणि बटण दाबून धरलं म्हणून दोन्ही बॅटऱ्या उतरल्या. बॅटऱ्यांचा माल चांगला आहे, शेठजी. हूक तेवढा बसवून घ्या."

शेठनी डिकी उघडून पाहिली. हूक खरंच नव्हता. ते दोनदा मान हलवून म्हणाले, "बात तो सही है."

गाडी चालू करायची होती. बॅटरीला तासभर विसावा मिळाला होता, ठिणगीपुरता जीव तिच्यात परत आला असणार, पण स्टार्टर फिरवण्याएवढा नाही. धक्का मारायला माणसं हवी होती. मी बॅण्डवाल्यांकडे पाहिलं. मघाशी हसले होते तेच. त्यांनी ढोल, ताशे, ट्रंपेट गवतावर ठेवले, बाह्या सरसावल्या आणि लाल गणवेशातल्या बारा माणसांनी ती गाडी बंगल्याच्या उतारावरून ढकलली. ड्रायव्हरनं क्लच सोडला. गाडी दोन गचके खाऊन गुरगुरली आणि चालू झाली. बॅण्डवाल्यांनी असा जल्लोष केला की आतून बायका बाहेर धावत आल्या.

"हॉलपर्यंत इंजीन बंद करायचं नाही," मी ड्रायव्हरला सांगितलं. "दिवे लावायचे नाहीत, हॉर्न वाजवायचा नाही."

"हॉर्नचा काम बॅण्ड करील," तो म्हणाला. त्या दिवसात पहिल्यांदाच तो हसला.

वरात पाचला निघाली. मॅनेजर सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्यामुळे अब्रू राहिली."

"मी सरबत प्यालो," सर म्हणाले. "चांगलं होतं."

परतताना जीपमध्ये मी वाट पाहत होते की सर काहीतरी म्हणतील. हेंद्रेपाडा आला. मी उतरले तेव्हा म्हणाले, "मीटर लावायची घाई केलीस."

"हो, सर."

"परत नको करूस. उद्या आठला ये. बूट घालून ये, चपला नकोत."

सोमवारी मेंटेनन्सच्या फळ्यावर माझं नाव होतं. मॅनेजरांनी अट घातली होती, फक्त दिवसपाळी. पुढे दोन वर्षांनी ती अटही गेली, आणि त्यासाठी मला कुणाच्या लग्नाची वाट पाहावी लागली नाही. फिटरांतले काही जण महिनाभर माझ्या हाताखाली काम करायला कुरकुरले. सरांनी त्यांना एका शब्दानं समजावलं नाही. मोठा बिघाड झाला की ते मला बोलावून म्हणायचे, "भोंगा झाला, मी घरी चाललो," आणि खरंच जायचे. पहिल्या वेळी मी रडकुंडीला आले होते. चौथ्या वेळी त्यांनी 'चाललो' म्हणायच्या आत मीच कागद पसरला होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सर निवृत्त झाले. मी नंतर दुसऱ्या कंपनीत गेले, माझ्या हाताखाली अकरा माणसं आली, लग्न झालं, मुलगी झाली. सरांकडे जायचं राहूनच गेलं. सत्त्याण्णव साली एका दुपारी मुलीला घेऊन मी कुळगावला त्यांच्या घरी गेले. दार उघडलं ते सरांच्या पत्नीनं, काकूंनी. सर पंख्याखाली शब्दकोडं सोडवत होते. केस पूर्ण पिकले होते, पायांत तेच कॅनव्हासचे बूट, घरातसुद्धा. गप्पा रंगल्या. काकूंनी पन्हं आणलं. आणि पंखा थांबला.

"लाइट गेले वाटतं," मी म्हणाले.

"शेजारचा रेडिओ चालू आहे," सर म्हणाले, आणि एकाएकी कोड्यात फार गुंतल्यासारखे दिसायला लागले.

मी उठले. मीटरचा बोर्ड माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात होता. काकूंनी टॉर्च आणून दिली. मी फ्यूज ओढून काढला आणि पाहतच राहिले. आत फ्यूजच्या, जास्त वीज आली की आधी वितळणाऱ्या बारीक तारेच्या जागी तांब्याची जाडजूड तार पिळून बसवलेली होती. तिनं तापून तापून भोवतालची चिनीमातीची खोबण काळी केली होती आणि आता तिचं एक टोक जळून सुटलं होतं, म्हणून पंखा थांबला होता. आणि बोर्डाच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी डकवलेली होती, पिवळी पडलेली. सरांचं वळणदार अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. एकच शब्द होता. 'तात्पुरते'.

"सर!" मी तिथूनच ओरडले. कारखान्यात अशी तार कुणाच्या हातात दिसली असती तर त्यांनी त्याला दारातून आत घेतलं नसतं.

"आमच्या मुलीच्या बारशाला बसवलीय ती," काकू म्हणाल्या. "मुलगी आता बँकेत आहे. मी सांगून दमले."

सर माजघराच्या दारात येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं. "पाहुणे आले होते गं," ते म्हणाले. "घाई होती."

"घर पेटलं असतं, सर."

"हो."

"काकू आत झोपतात."

"हो. खरं आहे तुझं."

मी वाण्याकडून फ्यूजची तार आणायला निघाले होते, पण सर म्हणाले, "आहे, घरात आहे," आणि कपाटातून तारेचं नवंकोरं गुंडाळं घेऊन आले. कागदाचं वेष्टणही फोडलेलं नव्हतं. मी मेन बंद केला, जुनी तार सोडवली, खोबण पॉलिश पेपरनं घासली. सर शेजारी उभे राहून टॉर्च धरत होते. त्यांचा हात थोडा कापत होता, उजेड बोर्डावर इकडे-तिकडे पळत होता.

"सर, उजेड स्थिर ठेवा," मी म्हणाले.

त्यांनी दुसरा हात लावला, दोन्ही हातांनी टॉर्च घट्ट धरली, आणि मी दुसरं टोक आवळेपर्यंत ती तसूभर हलू दिली नाही.